हातावर तुरी

आज ज्या विषयावर मी चार शब्द बोलणार आहे, तो बहुतेकांस मनातून आवडणारा आहे. परंतु आवडतो असे उघडपणे कबूल करणारे थोडे. गुन्हा करून जे पोलिसांच्या हातावर तुरी देऊन गेले, ज्यांच्या नावाची वॉरंटे निघाली, ज्यांच्या मस्तकावर बक्षिसे लागली आणि तरीही जे न्यायासनासमोर उभे राहिले नाहीत, अशा फरारी इसमांच्या हकीकती हा तो विषय होय. वाचनालयात, आगगाडीच्या डब्यात, इतकेच काय पण आमच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सायंकाळी जमणाऱ्या पेन्शनर मंडळींतही अशी हकीकत निघाली की रक्तदाब आणि महागाई हे नित्याचे विषय मागे पडतात आणि प्रत्येकाच्या पदरी एखादी ऐकीव गोष्ट निघतेच. तो कसा वेष पालटून गेला, अमुक वेळी त्याला कोणी पाहिले, तमुक शहरी तो कसा राहतो, या गोष्टी आपण चवीने ऐकतो.

मी कायद्याचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म मुलांना शुद्धलेखन व अंकगणित शिकविण्यात घालविलेला मी एक शाळामास्तर आहे. पण गणिताच्या मास्तराला एक सवय जडते. उत्तर आले एवढ्यावर तो समाधान मानीत नाही. मधल्या पायऱ्या कोठे आहेत, असे तो विचारतो. फरारी माणसाच्या गोष्टीत नेमक्या या मधल्या पायऱ्याच गाळलेल्या असतात. गुन्हा झाला, आणि तो पळाला. या दोन वाक्यांच्या मध्ये जे घडते, त्याचा विचार आज आपण करू.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. महाराष्ट्रात 'फरारी' या शब्दाला एके काळी मानाचे स्थान होते. वासुदेव बळवंत फडके यांचा इंग्रज सरकारने पाठलाग केला आणि १८७९ साली त्यांस पकडले. १९४२ च्या चळवळीत अच्युतराव पटवर्धन भूमिगत झाले, ते अखेरपर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत. सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटील यांना खेड्यापाड्यांतील माणसांनी चार वर्षे आपल्या घराघरांतून जपले. ज्या घरात भूमिगत कार्यकर्त्याला रात्रीची भाकरी मिळाली, त्या घरात ती गोष्ट नातवंडांना अभिमानाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. कारण ही माणसे परक्या सत्तेपासून लपत होती, आपल्या लोकांपासून नव्हे. आपण काय केले व कशासाठी केले, हे सांगण्याची त्यांना लाज नव्हती. वेळ येताच ती उजेडात आली आणि लोकांपुढे उभी राहिली.

परंतु झाले असे की, त्या पिढीने कमाविलेला मान पुढे भलत्यांच्याच वारसाहक्काने गेला. सरकारला चुकविणारा तो शूर, ही समजूत मनात राहिली. सरकार कोणाचे आणि चुकविणारा कोण, हा प्रश्न मात्र गळून पडला. चाळीतल्या निरपराध बिऱ्हाडकरूंच्या जिवावर उठलेला मनुष्य आणि परक्या राज्याशी झुंजणारा मनुष्य हे दोघेही एकाच शब्दाने ओळखले जाऊ लागले. भाषेच्या मास्तराला ही गोष्ट फार खुपते. असो.

आता जी हकीकत सांगावयाची आहे, ती आमच्या वस्तीच्या अगदी उंबरठ्यावरची आहे. १२ मार्च १९९३, वार शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास मुंबईच्या शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. त्यानंतर सुमारे दोन तासांच्या अवधीत काथ्या बाजार, नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, वरळीचे सेंच्युरी बाजार, वांद्र्याचे व जुहूचे मोठे हॉटेल अशा एकूण बारा ठिकाणी स्फोट झाले अथवा हातबॉम्ब पडले. त्यांपैकी दोन जागा शिवाजी पार्कच्या मैदानापासून पायी दहा मिनिटांच्या आतबाहेर आहेत. एक शिवसेना भवनाजवळचा पेट्रोल पंप आणि दुसरी प्लाझा चित्रपटगृह. त्या दिवशी २५७ माणसे मृत्यू पावली व ७१३ जखमी झाली. हे आकडे न्यायालयाच्या कागदांतले आहेत. दुपारच्या खेळाला निघालेले, बँकेत पैसे भरावयास गेलेले, बसमध्ये बसलेले, रस्ता ओलांडणारे असे हे लोक होते. कोणाशी त्यांचे वैर नव्हते.

त्या काळी सहावीच्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारले होते, "गुरुजी, ज्याने हे केले तो विमानाने निघून गेला. मग तो जिंकला, असेच ना?" मुलाचा प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येण्यासारखे नाही. त्यासाठी त्या मधल्या पायऱ्या पाहाव्या लागतात.

पहिली पायरी समुद्रकिनाऱ्यावर आहे. स्फोटांसाठी जे आरडीएक्स आणि ज्या बंदुका वापरल्या गेल्या, त्या काही आकाशातून पडल्या नाहीत. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, जानेवारी १९९३ मध्ये दिघी येथे आणि फेब्रुवारीत शेखाडी येथे, रात्रीच्या वेळी हा माल उतरविण्यात आला. ज्यांनी तो किनारा पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की तेथून मुंबईपर्यंत यावयाचे तर घाट, नाके, फाटे ओलांडावे लागतात. माल अदृश्य होऊन आला नाही. जानेवारीतल्या एका रात्री गोंडघर फाट्यावर पोलिसांनी त्या टोळीच्या गाड्या अडविल्या होत्या, ही गोष्ट खटल्यात सिद्ध झालेली आहे. अडविल्या, घासाघीस केली आणि सोडून दिल्या. लाचेची सारी रक्कम त्या वेळी रोख जवळ नव्हती, म्हणून तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या! पुढे त्या पोलिसांना शिक्षा झाल्या, जकात खात्यातील अधिकाऱ्यांनाही झाल्या.

श्रोतेहो, या तारणावर क्षणभर विचार करा. त्या फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाने आपल्या मनाशी काय म्हटले असेल? चांदीची चोरटी आयात आहे, नेहमीचेच आहे, आपल्या बापाचे काय जाते. त्याला २५७ प्रेते दिसत नव्हती. त्याला विटा दिसत होत्या. आपल्याकडे म्हण आहे की कुंपणच शेत खाते. पण कुंपणाला आपण किती शेत खात आहोत याचा अंदाज नसतो, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या निकालात किनाऱ्यावरच्या या ढिलाईबद्दल पोलिस आणि जकात खाते यांच्यावर कडक ताशेरे ओढले, ते याच कारणाने.

दुसरी पायरी वरळीला सापडते. स्फोटांच्या दिवशी सायंकाळी तेथे एक मारुती व्हॅन बेवारशी उभी असलेली आढळली. आत बंदुका व हातबॉम्ब होते. गाडीच्या नोंदणीवरून माग काढीत पोलिस माहीमच्या अल हुसैनी इमारतीतील मेमन कुटुंबाच्या दारापर्यंत त्याच रात्री पोहोचले. घराला कुलूप होते. कुटुंबातील माणसे आदल्या काही दिवसांत दुबईला गेली होती आणि कटाचा मुख्य सूत्रधार टायगर मेमन हा त्याच शुक्रवारी पहाटे, पहिला स्फोट होण्याच्या कित्येक तास आधी, विमानाने निघून गेला होता. घराच्या झडतीत स्कूटरची एक किल्ली मिळाली. इकडे दादरच्या पूर्वेस नायगावात स्फोटके भरलेली पण न उडालेली एक स्कूटर सापडली होती. ती किल्ली त्या स्कूटरला लागली. राकेश मारिया हे त्या वेळी वाहतूक शाखेचे उपायुक्त होते. तपासाची धुरा त्यांच्याकडे सोपविण्यात आली होती. अशा रीतीने अवघ्या काही तासांत गुन्हेगार कोण हे कळले. कळले, पण हाती कोणी लागला नाही!

येथे एक गैरसमज दूर होतो. फरारी माणूस पोलिसांच्या डोळ्यांदेखत भिंतीवरून उडी मारून पळतो, असे आपण चित्रपटात पाहतो. वस्तुतः खरा धूर्त फरारी गुन्हा होण्यापूर्वीच गेलेला असतो. तो तिकीट काढतो, पासपोर्ट दाखवितो, रांगेत उभा राहतो आणि सभ्य गृहस्थासारखा विमानात बसतो. मागे राहतात ते त्याच्या पैशाला अथवा चिथावणीला भुललेले लहान लोक. कोणी स्कूटर उभी करणारा, कोणी पोती उतरविणारा, कोणी घरात पेटी ठेवून घेणारा. खटला त्यांच्यावर चालतो.

तो खटला कसा चालला, तेही थोडक्यात सांगतो. आर्थर रोडच्या तुरुंगाच्या आवारात खास न्यायालय बसले. नोव्हेंबर १९९३ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. १९९५ साली सुनावणी सुरू झाली. न्यायमूर्ती प्रमोद कोदे यांनी १२ सप्टेंबर २००६ पासून निकाल देण्यास आरंभ केला व २००७ च्या जुलैअखेर शिक्षा सुनावून झाल्या. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले, २३ सुटले. जो मुलगा १९९३ साली सहावीत होता, तो निकालापर्यंत पंचविशीच्या घरात आला होता. टायगरचा भाऊ याकूब मेमन १९९४ साली हाती आला. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी त्याची फाशी कायम केली आणि ३० जुलै २०१५ रोजी नागपूरच्या कारागृहात ती अमलात आली. परंतु आरोपपत्राच्या अग्रभागी ज्यांची नावे होती, त्या दाऊद इब्राहिम व टायगर मेमन यांच्या नावांपुढे 'फरारी' हाच शब्द राहिला. जो पहिला, तो अनुपस्थित. जे शंभरावे, ते हजर. गणिताच्या वहीत असे उत्तर आले तर मास्तर पुन्हा पायऱ्या तपासावयास लावतो.

तिसरी पायरी परदेशात आहे. वर्तमानपत्रांत आपण वाचतो की अमुकाविरुद्ध इंटरपोलची 'रेड कॉर्नर नोटीस' निघाली. त्यावरून इंटरपोल म्हणून काही जागतिक पोलिस दल असावे आणि त्याचे शिपाई बेड्या घेऊन फिरत असावेत, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे मुळीच नाही. फ्रान्समधील लिऑन शहरी मुख्य कचेरी असलेली ती एक टपाल पोहोचविणारी संस्था आहे, असे म्हटले तरी चालेल. एका देशाचे पोलिस दुसऱ्या देशाच्या पोलिसांना तिच्यामार्फत कळवितात. लाल सूचना म्हणजे 'हा इसम आम्हांस हवा आहे, दिसल्यास अडकवून ठेवा' अशी विनंती. पिवळी सूचना हरवलेल्या माणसासाठी. काळी बेवारशी प्रेताची ओळख पटविण्यासाठी. विनंती मानावयाची की नाही, हे त्या त्या देशाने ठरवावयाचे असते. त्यानंतर प्रत्यार्पणाचा करार लागतो. १९९३ साली संयुक्त अरब अमिरातींशी आपला असा करार नव्हता. तो १९९९ साली झाला. पाकिस्तानाशी तर तो नाहीच. संयुक्त राष्ट्रसंघाने २००३ साली दाऊदचे नाव आपल्या निर्बंधांच्या यादीत घातले, आपल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने २०२२ साली त्याच्यावर पंचवीस लाख रुपयांचे इनाम लावले. तथापि ज्या देशात तो असल्याचे आपले सरकार वारंवार सांगत आले आहे, तो देश ते नाकारीत आला आहे. यजमानच जर म्हणू लागला की पाहुणा घरात नाही, तर दारावर किती वेळ थाप मारावयाची?

म्हणून जेथे यश आले, तेथे ते कोणत्या किमतीस आले तेही पाहिले पाहिजे. अबू सालेम हा याच खटल्यातील दुसरा फरारी. तो सप्टेंबर २००२ मध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे पकडला गेला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये भारताच्या स्वाधीन झाला. पोर्तुगालच्या कायद्यात देहान्ताची शिक्षा नाही. यास्तव त्याला फाशी देणार नाही व पंचवीस वर्षांहून अधिक काळ डांबून ठेवणार नाही, असे वचन आपल्या सरकारने त्या सरकारला दिले. २०१७ साली खास न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये निर्णय दिला की सरकार आपल्या शब्दाला बांधलेले आहे आणि पंचवीस वर्षे भरताच त्याच्या सुटकेची तजवीज सरकारने केली पाहिजे. हे ऐकून कित्येकांचा संताप झाला. मला मात्र वाटते की येथे न्यायालयाने मोठी गोष्ट राखली. राज्याने एकदा शब्द मोडला, की पुढचा फरारी कोणता देश आपल्या हवाली करील? गुन्हेगाराने शब्द मोडावा, राज्याने मोडू नये, हाच तर दोघांतला फरक आहे.

आता याहून चमत्कारिक गोष्ट सांगतो. फरारी मनुष्य कोठे लपतो? आपण म्हणू, अरण्यात, परदेशात, गर्दीच्या वस्तीत. चार्ल्स शोभराज नावाचा एक फ्रेंच नागरिक तुरुंगात लपला! अनेक देशांत परदेशी प्रवाशांना गुंगीची औषधे देऊन लुटणे व ठार मारणे असे आरोप त्याच्यावर होते. थायलंड देशाला तो खुनांबद्दल हवा होता व तेथे गेल्यास मृत्युदंड ठेवलेला होता. इकडे दिल्लीच्या तिहार तुरुंगात त्याची शिक्षा संपत आली होती. १६ मार्च १९८६ रोजी वाढदिवसाच्या निमित्ताने पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो पसार झाला. मुंबईच्या पोलिस दलातील इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला १९७१ साली एकदा पकडलेले होते, म्हणून त्यांना गोव्यास धाडण्यात आले. ६ एप्रिलच्या रात्री पर्वरी येथील 'ओ कोकेरो' नावाच्या हॉटेलात तो जेवावयास आला असता झेंडे यांनी त्याला ओळखले, मागून जाऊन नावाने हाक मारली व धरले. बेड्या जवळ नव्हत्या, तेव्हा हॉटेलातल्या दोरीने बांधून त्याला मोटारीने मुंबईस आणले. मराठी शिपायाच्या धैर्याची आणि स्मरणशक्तीची ही गोष्ट आहे. ती आपण मुलांना अवश्य सांगावी.

पण गोष्ट तेथे संपत नाही. पळाल्याबद्दल शोभराजची शिक्षा वाढली आणि तो १९९७ पर्यंत भारतातच तुरुंगात राहिला. तेवढ्या काळात थायलंडच्या वॉरंटाची वीस वर्षांची मुदत उलटून गेली! शिक्षा वाढावी म्हणूनच तो पळाला होता, असे मानले जाते. आमच्या तुरुंगाच्या भिंतींनी त्याला दुसऱ्या देशाच्या फासापासून वाचविले. पुढे मोकळा होऊन तो फ्रान्सला गेला आणि २००३ साली आपल्या पायांनी काठमांडूला गेला. तेथे १९७५ सालच्या एका खुनाचे प्रकरण अद्याप मिटलेले नव्हते. ओळख पटली, अटक झाली, जन्मठेप झाली आणि २०२२ च्या डिसेंबरात वार्धक्यामुळे सुटका होईपर्यंत तो तेथेच राहिला. मुदतीवर ज्याने इतके बारीक गणित मांडले, त्याला एवढे उमगले नाही की सर्वांच्याच दप्तरातील कागद एकाच वेळी जुने होत नाहीत.

फरारी हाती न लागल्यास कायद्याने हात जोडून बसावे काय? नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही उपाय होते. न्यायालय जाहीरनामा काढते. अमुक तारखेस हजर हो, निदान तीस दिवसांची मुदत देते. तरी तो आला नाही तर त्याची मालमत्ता जप्त करते. साक्षीदार वृद्ध होऊन मरण्यापूर्वी फरारीच्या पश्चात त्यांच्या साक्षी नोंदवून ठेवता येतात. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने याच्याही पुढचे पाऊल टाकले आहे. जो मनुष्य खटला चुकविण्यासाठी पळाला, ज्याला न्यायालयाने फरारी अपराधी म्हणून घोषित केले व ज्याला लवकर पकडण्याची आशा नाही, त्याच्या अनुपस्थितीत खटला चालवून निकाल देता येईल. मात्र आरोप निश्चित झाल्यापासून नव्वद दिवस थांबले पाहिजे, निदान तीस दिवसांच्या अंतराने दोन वॉरंटे निघाली पाहिजेत, वर्तमानपत्रांत सूचना दिली पाहिजे आणि त्याच्या वतीने वकील नसेल तर सरकारी खर्चाने दिला पाहिजे. शिक्षेविरुद्ध अपील करावयाचे तर तो स्वतः अपील न्यायालयासमोर आला पाहिजे. निकालानंतर तीन वर्षे उलटली की तो दरवाजाही बंद.

या नव्या कलमाने मला आनंदही झाला आणि थोडी धास्तीही वाटली. आनंद यासाठी की, 'मी आलो नाही तर खटलाच नाही' ही पळपुट्याची मक्तेदारी मोडली. धास्ती यासाठी की, ज्याची बाजू ऐकावयास तो समोर नाही, त्याचा न्याय करताना हात चटकन चालतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची आपली जुनी खोड आहे. तेव्हा या कलमातील अटी कंटाळवाण्या म्हणून न वगळता प्रत्येक वेळी अक्षरशः पाळल्या जातील, तरच निकालाला वजन राहील.

मालमत्तेच्या जप्तीबद्दलही एक गंमत, नव्हे खंत, सांगण्याजोगी आहे. दाऊदचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातले मुंबके. त्याचे वडील मुंबईच्या पोलिस खात्यात हवालदार होते. मुंबके येथील वडिलार्जित जमिनीचा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये लिलाव केला. सुमारे १७१ चौरस मीटरच्या एका तुकड्याची किमान किंमत १५,४४० रुपये ठरविली होती. बोली दोन कोटी एक लाखापर्यंत चढली! माती तीच, पाऊस तोच, शेजारच्या शेताला जो भाव तोच याला असावयाचा. मग वरचे दोन कोटी कशाचे? हे नावाचे मोल होते. कीर्ती आणि कुप्रसिद्धी यांतील अंतर बाजाराला ओळखता येत नाही. आणि बाजार म्हणजे तरी कोण? आपणच.

श्रोतेहो, एवढे बोलून थांबलो तर माझ्याकडून विषयाला एकांगीपणा येईल. फरारी म्हटले की आपली दृष्टी समुद्रापार जाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातला तो प्रकार आहे. या स्फोटांच्या आधी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, याच मुंबईत भीषण दंगली झाल्या. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगाने त्यांत ९०० माणसे मेल्याची नोंद केली. त्यांतील अधिकांश मुसलमान होते, हिंदूही शेकड्यांनी होते. स्फोटांच्या खटल्यात शंभर जणांना शिक्षा झाल्या. दंगलींबाबत नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर जो हिशेब आला, त्यात २५३ खटल्यांपैकी अवघ्या सहांत शिक्षा झाल्याचे दिसले आणि ९७ प्रकरणे 'सुप्त' म्हणून फडताळात पडून होती. फरारी आरोपींचा शोध घेऊन ही प्रकरणे पुढे चालवावीत, असे न्यायालयाला तीस वर्षांनी सांगावे लागले. हे फरारी कोणत्या परदेशात गेले होते? त्यांना ना विमान लागले, ना पासपोर्ट. ते गल्ली बदलून राहिले असतील, कदाचित गल्लीही बदलली नसेल. शेजाऱ्यांनी पाहिले असेल, आणि मान फिरविली असेल. ज्या घरातला कर्ता मनुष्य गेला, त्या घराला मारणाऱ्याचा धर्म किंवा त्याचा सध्याचा पत्ता यांवरून दुःखात काही उणेअधिक होत नाही.

तेव्हा आता त्या सहावीतल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. पळून गेलेला मनुष्य जिंकत नाही. परंतु आपण हरू शकतो. आपण हरतो ते तीन ठिकाणी. गोंडघर फाट्यासारख्या फाट्यावर, जेव्हा आपल्यापैकी कोणी 'नेहमीचेच आहे' म्हणून वाट सोडतो. साक्षीच्या पिंजऱ्यापाशी, जेव्हा पाहिलेले न पाहिल्यासारखे करून आपण समन्स चुकवितो. कारण साक्ष चुकविणारा हाही लहानसा फरारीच होय. आणि तिसरे ठिकाण आपली जीभ, जेव्हा पळालेल्याच्या हुशारीच्या कथा आपण रंगवून सांगतो आणि मेलेल्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. वरळीची ती गाडी कोणाच्या तरी नजरेस पडून ठाण्यावर कळविली गेली, म्हणून माहीमचे घर सापडले. झेंडे यांनी पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा ध्यानात ठेवला, म्हणून शोभराज सापडला. काठमांडूच्या दप्तरात अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा कागद कोणी तरी जपून ठेवला, म्हणून त्याला शिक्षा झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईत १६६ माणसे मेली. त्या कटात सामील असल्याचा आरोप असलेला तहव्वूर राणा हा एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारताच्या स्वाधीन झाला, तो सोळा वर्षे फाईल बंद न केल्यामुळे. यांत चमत्कार कोठेही नाही. नोंद, स्मरण आणि चिकाटी, एवढीच सामग्री आहे.

आपल्यापैकी पुष्कळांना नातवंडे आहेत. रात्री ती गोष्ट मागतात, आणि फरारीची गोष्ट मागितली तर अवश्य सांगावी. नाही म्हणण्याचे कारण नाही. फक्त ती पुरी सांगावी. मिठाई खाऊन झोपलेले पहारेकरी सांगावेत, तशा तारण ठेवलेल्या चांदीच्या विटाही सांगाव्यात. विमान सुटले त्या पहाटेनंतर दुपारी प्लाझापाशी काय झाले, तेही सांगावे. गोष्ट संपल्यावर मूल विचारील, "मग तो सापडला का?" त्याला खरे उत्तर द्यावे, की अजून नाही, पण त्याच्या नावाचा कागद अजून फाडलेला नाही, आणि तो फाडला जाऊ नये हे पाहणे आता तुझ्याकडे आहे.